गप्प बसायची परीक्षा

शिलाईचा कारखाना बंद झाला त्या दिवशी माझी बायको दोन पिशव्या घेऊन घरी आली. एकीत तिची कात्री, चहाचा मग आणि बटणांचा डबा. दुसरीत हिरव्या कापडाचा उरलेला तुकडा, चांगला चार वार.

"मालक म्हणाला, हवं ते न्या," पुई-सान म्हणाली. "मी म्हटलं, माझी सव्वीस वर्षं देतोस परत? तर म्हणाला, कापड घेऊन जा."

मी बस चालवतो. आमच्या मकावमध्ये त्या वर्षी माझ्या बसच्या दोन्ही बाजूंना दोनच गोष्टी दिसायच्या. डावीकडे कुलूप लागलेले कारखाने, कारण सगळी शिलाई हद्दीपलीकडे चालली होती. आणि उजवीकडे समुद्र बुजवून उभे राहत असलेले नवे कसिनो. कसिनोत टेबलावर पत्ते वाटायचं काम इथल्या रहिवाशालाच मिळतं, बाहेरच्याला नाही. त्यामुळे माणसांची नुसती टंचाई. पुई-सान तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती. आठवडाभर तिने घरातल्या सगळ्या पडद्यांना नव्याने शिवण घातली, आणि मग एका सकाळी जाऊन डीलरच्या शिकवणीत नाव घालून आली.

"आई, तिथे सगळ्या माझ्या वयाच्या मुली असतील," आमची लेक वेंग-सी म्हणाली.

"असू देत. त्यांनाही कुणीतरी डबा खाल्लास का विचारणारं हवंच."

शिकवणी तीन महिन्यांची. शिकवणारे सोउ सर सत्तावीस वर्षांचे, पाठ अशी ताठ की गिळलेली छत्री पोटात उघडेल म्हणून जपताहेत. सहा वर्षं टेबलावर काढलेली. पुई-सान त्यांना पहिल्याच दिवशी "सर बाळा" म्हणाली आणि वर्ग खिदळला. सरांनी फक्त भुवई उचलली.

पहिले दोन आठवडे पत्त्यांना कुणी हातही लावला नाही. नुसत्या चकत्या. टेबलावर पैशांऐवजी ज्या रंगीत चकत्या वापरतात, त्या विसांची चळत बोटांनी पाच-पाचात तोडायची, न मोजता, न सांडता. पोरापोरींच्या चळती धाडधाड कोसळायच्या. पुई-सानची चळत चार तुकडे होऊन मुकाट उभी राहायची.

"पुईताई, हे कुठे शिकलात?" सरांनी विचारलं.

"शर्टाला बटणं किती लागतात? रोजचे शर्ट किती? सव्वीस वर्षं बोटांनीच मोजतेय मी."

दुसरा धडा हातांचा. टेबलावरून हात उचलण्याआधी तळवे उघडून दाखवायचे, मग उलटे करून दाखवायचे, म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला कळावं की हातात काही लपवलेलं नाही. ती सवय तिला इतकी लागली की जेवताना माझ्याकडे सोया सॉसची बाटली सरकवली की ती दोन्ही तळवे दाखवायची. बाजारातही दाखवायची. कोळीण एकदा म्हणाली, "दिसतंय गं बाई, तू मासा चोरला नाहीस."

मग आला बाकारा. आमच्याकडे टेबलं म्हणजे बहुतेक त्याचीच. एक बाजू खेळाडूची, एक पेढीची, ज्याच्या पानांची बेरीज नऊच्या जवळ जाईल तो जिंकला. खेळणाऱ्याला एवढंच पुरतं. पण तिसरं पान कधी काढायचं याचा नियम डीलरला झोपेत विचारला तरी आला पाहिजे. पेढीकडे तीन गुण असतील तर पान घ्यायचं, फक्त खेळाडूचं तिसरं पान आठ आलं तर नाही. चार असतील तर दोन ते सातवर. पाच असतील तर चार ते सातवर. पुई-सान हे कपडे वाळत घालताना म्हणायची, तांदूळ निवडताना म्हणायची, माझ्या बसमध्ये माझ्यामागच्या सीटवर बसून म्हणायची. एका दुपारी मी थांब्याचं नाव पुकारायच्या ऐवजी "पाचावर चार ते सात" असं ओरडलो आणि दोन बायका खरंच उतरल्या.

हिशेबात तर तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पेढीवर जिंकलेल्याकडून शेकडा पाच कापायचे असतात. नगावर मजुरी घेतलेल्या बाईला तेवढं काय अवघड? सगळं उत्तम चाललं होतं. नडलं ते तोंड.

शिवणाच्या हॉलमध्ये दोनशे यंत्रं एकदम चालतात. तिथे शेजारणीला "मीठ आहे का" विचारायचं तर बंदरावर होडी बोलावल्यासारखं ओरडावं लागतं. पुई-सानला दुसरा आवाजच नव्हता, आणि तो बंद ठेवायची सवय तर मुळीच नव्हती.

परीक्षेच्या दिवशी सरांनी आपला एक मित्र गिऱ्हाईक म्हणून बसवला. त्याला काम दिलेलं, हरायचं आणि तमाशा करायचा. तो लागोपाठ पाच डाव हरला. डोकं धरून बसला. मग रडक्या आवाजात म्हणाला, "ताई, आता तुम्हीच सांगा, कशावर लावू?"

"घरी जा!" पुई-सान म्हणाली. "जेवलास का? तोंड बघ कसं सुकलंय. आई वाट बघत असेल!"

शेजारच्या दोन टेबलांवरची परीक्षाही थांबली. तो मित्र, खोटंखोटं रडणारा, खरोखर ओशाळला आणि उठून उभा राहिला.

"पुईताई," सर नंतर म्हणाले, "हातांना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. तोंडाला शून्य. तीन आठवड्यांनी परत या."

घरी येऊन ती चपला न काढता पलंगावर बसली. मी चहा दिला. तिने तळवे दाखवले नाहीत, तेव्हाच मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

"बिनतोंडाची बाई कुठून आणू मी?" ती म्हणाली. "आणि उद्या खरंच कुणी हरत असेल, माझ्या डोळ्यांदेखत? मी काय भिंत आहे?"

"सरांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, समजा तुम्ही म्हणालात, लावू नको, आणि पुढच्याच पानाला तो जिंकला असता, तर? मग तो तुमच्याच नावाने बोंब मारेल. जो खेळायला बसलाय त्याने कधी उठायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. तुमचं काम एवढंच, की त्याला प्रत्येक पान सरळ मिळालं पाहिजे." तिने चहा हातात घेतला. "पोरगं बोलतं बरोबर. पण माझ्या जिभेला कोण सांगणार?"

जिभेला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिने ते हिरवं कापड काढलं, पांढऱ्या दोऱ्याने त्यावर टेबलाच्या रेघा शिवल्या, खेळाडूची चौकट, पेढीची चौकट, सगळं. इतकं नेटकं की जेवायच्या टेबलावर ते अंथरलं आणि मला त्यावर वाडगा ठेवायची भीती वाटायला लागली. चकत्या म्हणून डब्यातली बटणं. काळं शंभराचं, लाल हजाराचं. मी बस सोडून आलो की हात धुवायचे आणि वाईट गिऱ्हाईक व्हायचं.

मला ते जमेना. मी शिव्या दिल्या तर मलाच हसू यायचं. रडलो तर ती म्हणायची, "आठवडाभर कपडे धुवायचे राहिले होते तेव्हा असा रडला असतास तर!" झालं. तोंड उघडलंच.

शेवटी वेंग-सीनेच तिसऱ्या मजल्यावरच्या आओ आजीला बोलावून आणलं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माजाँगच्या सोंगट्या मांडल्या की तिच्यासमोर बसायला अख्ख्या इमारतीत कुणी तयार नसतं. तिने खुर्चीवर मांडी ठोकली, बटणं पुढे ओढली, आणि सुरू झाली.

"वाट की गं, म्हशीच्या हातांची! हे पान? हे पान मला? तुझ्या हातांना मेल्या मांजराचा वास येतोय का गं? एक धड पान निघत नाही!" ती पान कोपऱ्यातून मिलिमीटर मिलिमीटरने उचलायची, त्यावर फुंकर मारायची, वाईट निघालं की चुरगाळून फेकायची.

पुई-सानचे कान लाल झाले, पण ती एवढंच म्हणाली, "पैजा लावा."

चौथ्या दिवशी आजीने ठेवणीतला बाण काढला. आवाज खाली आणला. तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगायला लागली. कसा तो मासेमारीला गेला, वादळ आलं, होडीची एक फळी तेवढी किनाऱ्याला लागली, आणि ती पोटुशी बाई तीन दिवस धक्क्यावर बसून राहिली. माझे डोळे भरून आले. वेंग-सी उठून आत गेली. पुई-सानचा खालचा ओठ थरथरत होता. तिने श्वास घेतला, गड्डीतून पान ओढलं, उताणं ठेवलं.

"खेळाडू सहा. पेढी सात. पेढी जिंकली."

आजीने बटणं ढकलली आणि खदाखदा हसली. "पास! अगं, तो मेला नाही. हद्दीपलीकडे राहतो चुहाईला, दुसरीबरोबर. गेल्या महिन्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

त्यानंतर पुई-सान सलग अर्धा तास बोलली. ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या परीक्षेला सोउ सर स्वतःच गिऱ्हाईक म्हणून बसले. त्यांनी चकत्या आपटल्या, डीलर बदला म्हणून ओरडले, शेवटी कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, मला ताप आहे, अंगात त्राण नाही, आणि वर हे असं हरतोय."

"पैजा बंद," पुई-सान म्हणाली, आणि पानं काढली.

सरांनी पेन उचलून कागदावर खूण केली. "पास. दोन्हीत."

"परीक्षा संपली का?"

"संपली."

"मग आ करा. जीभ दाखवा. बघा, मला वाटलंच, घसा सुजलाय तुमचा. ताप खराच आहे!" आणि तिने पर्समधून सुकवलेल्या संत्र्याच्या सालीची पुडी काढून सरांच्या हातात कोंबली. सरांनी ती निमूटपणे घेतली. छत्रीसारखी ती पाठ पहिल्यांदा जरा वाकली.

पंधरा दिवसांत नोकरी लागली. सकाळी आठ ते चार. पोशाखाला एकही खिसा नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या शर्टांना खिसे लावले, आणि आता मिळालेला शर्ट बिनखिशाचा, यावर ती दोन दिवस हसत होती.

पहिल्याच दिवशी तिच्या हातून चूक झाली. खेळाडूच्या बाजूला सहा होते, म्हणजे थांबायचं, आणि तिने सवयीने एक पान जास्त काढलं. टेबलावरची सात माणसं एकदम ओरडली. एकाला ते पान हवं होतं, दुसऱ्याला नको होतं. तिने घरी सांगितलं, "वाटलं, पटकन परत सरकवावं, कोण बघतंय. पण मी हात मागे घेतले आणि सुपरवायझरला हाक मारली. माझ्या जुन्या आवाजात! लांबच्या टेबलांवरची माणसंसुद्धा वळली."

सुपरवायझर आली, मांडणी बघितली, त्या पानाचं काय करायचं ते नियमाप्रमाणे सांगितलं, आणि खेळ पुढे सुरू. जाताना ती पुई-सानच्या कानात म्हणाली, "चूक सगळ्यांची होते. पण नवी माणसं ती लपवायला बघतात. तुम्ही नाही लपवलीत, बरं केलंत."

हे ऐकून मला राहवेना. तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल चोपडलं आणि गेलो. तिचं टेबल शोधायला वीस मिनिटं लागली. ती उभी होती, काळ्या जाकिटात, केस मागे बांधलेले, चेहरा शांत. मी तिला लग्नातसुद्धा एवढं शांत बघितलं नव्हतं. पानं तिच्या बोटांखालून पाण्यासारखी सरकत होती. माझ्या शेजारचा एक गलेलठ्ठ माणूस हळूच म्हणाला, "ही बाई जुनी दिसते. हात बघा." माझी छाती फुगली. मी रिकाम्या खुर्चीत बसलो आणि सगळ्यांत लहान पैज असते ती खेळाडूवर ठेवली.

तिने माझ्याकडे बघितलं. ओळख नाही, हसू नाही. दोन्ही तळवे उघडले, उलटे केले, हात मागे घेतले आणि मान वळवून सुपरवायझरला बोलावलं.

"हे माझे पती आहेत," ती म्हणाली. "हे माझ्या टेबलावर बसू शकत नाहीत."

सुपरवायझरने माझी चकती परत दिली, हसू आवरत मला दारापर्यंत नेलं, आणि कागदाच्या पेल्यात गरम दुधाचा चहा दिला. तो गलेलठ्ठ माणूस मागून ओरडला, "घरी तरी बसू देतात का?"

मी समोरच्या चहाच्या दुकानात चारपर्यंत बसलो. अंड्याचे दोन टार्ट खाल्ले, तिसरा मागवला. चार वाजून दहा मिनिटांनी ती बाहेर पडून दुकानात आली, बरोबर पाच-सहा विशीतल्या मुली, सगळ्या तिच्याभोवती.

"हा बघा," ती त्यांना म्हणाली, "माझा नवरा. आज हाकलला तो हाच."

मुली हसून हसून वाकल्या. एकीने विचारलं, "काका, राग आला?"

"राग कसला," मी म्हटलं. "आज तिने मला हरण्यापासून वाचवलं."

पुई-सानने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, मग मला बाजूला सारून दुकानदाराला म्हणाली, "सात पोर्कचे पाव. आणि याला नको, याने तीन टार्ट खाल्लेत, तिन्हींचे कागद बशीतच पडलेत."