रसिकाच्या रक्तातले तपकिरी दाणे

मित्रांनो, कल्याणच्या एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत खिडकीपाशी बसलेला जुना मायक्रोस्कोप म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे, पण भिंगं अजून लख्ख आहेत.

पूर्वी दिवसभर कुणी ना कुणी माझ्यावर डोळा लावून बसलेलं असे. मलेरियाचे जंतू मीच दाखवायचो. मग पेशी मोजणारं नवं यंत्र आलं आणि माझ्यावर कव्हर चढलं. वाईट वाटलं, पण मी तयारीतच राहिलो.

एके दिवशी खडवलीहून दौलतभाऊ आपल्या रसिकाला घेऊन आले. पोरगी कॉलेजच्या खो-खो संघातली. पण हिरड्यांतून रक्त येई, अंगावर काळेनिळे डाग, ताप हटेना. यंत्राने आकडे दिले आणि इशाराही दिला, की या पांढऱ्या पेशी नेहमीच्या नाहीत. डॉक्टर प्रियांकांनी माझं कव्हर काढलं.

माझ्या भिंगाखाली मोठ्या, अपक्व पेशींची नुसती गर्दी होती.

"सुमित, ब्लड कॅन्सर आहे रे हा," त्या हळूच तंत्रज्ञाला म्हणाल्या. "पण कुठला?"

हा प्रश्न मोठा होता. या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाची मुख्य घराणी दोन. पेशी दिसायला सारख्या, उपचार मात्र वेगळे. मायलॉइड घराण्याच्या पेशींत बहुधा मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. खास रंग टाकला, की ते असेल तिथे तपकिरी दाणे उमटतात.

सुमितने रंग टाकला. एकही दाणा दिसेना.

"मॅडम, म्हणजे दुसरा प्रकार. रिपोर्ट करू?"

"थांब. निरोगी रक्ताची स्लाइड पण रंगवलेलीस ना? ती लाव."

निरोगी रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींतही हे विकर असतं, म्हणून त्या स्लाइडवर दाणे दिसायलाच हवे होते. मी नीट दाखवलं, तीही कोरी!

"रंगच खराब झालाय. ताजा बनव, पटकन."

ताज्या रंगाने दोन्ही स्लाइडवर दाणे उमटले. रसिकाच्या त्या अपक्व पेशीही तपकिरी ठिपक्यांनी भरल्या. मायलॉइड! मला छाती असती तर ती त्या क्षणी फुगली असती.

बाहेर दौलतभाऊ उभेच होते. "मॅडम, पोर परत खेळंल ना माझी?"

"दादा, आत्ताच शब्द देत नाही. पण लढायचं कुणाशी ते कळलंय. आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या."

तिथल्या जनुक तपासणीत एफएलटी-थ्री नावाच्या जनुकात बिघाड सापडला. त्यामुळे पेशीतलं एक विकर 'वाढा, वाढा' असा हुकूम सोडतच राहतं. केमोबरोबर त्या विकराला रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. बिघाड शोधणं माझ्या आवाक्याबाहेरचं; पण वाट मीच दाखवली होती.

रसिकाचे केस गेले, ताप आले, ती खचलीही. पुढे तिच्या अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या गराची स्लाइड प्रियांकांकडे आली. त्यांनी कोपरान् कोपरा पाहिला. अपक्व पेशींची ती गर्दी कुठेच नव्हती.

उपचार अजून चालू आहेत. परवा रसिका तपासणीला आली आणि म्हणाली, "मॅडम, मला बघू द्या ना." तिने माझ्यावर डोळा टेकला. "हे माझं रक्त? किती छान दिसतंय!"

मित्रांनो, आजवर माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण असं कुणी केलं नव्हतं. अंगावर कारण नसताना डाग उठले, ताप रेंगाळला, तर घरच्यांना लगेच सांगा. आणि माझ्यासारख्या जुन्याची भिंगं मऊ कापडाने पुसून ठेवा. आम्हाला अजून खूप बघायचं आहे.