राजाबाईचा स्टोव्ह

मुकुंदवाडी स्टेशनापाशी चहाचा गाडा लावणाऱ्या फकिराच्या जिभेला हाड नव्हतं. त्याला पुरून उरायची ती एकटी त्याची बायको, राजाबाई. त्यानं एक टोमणा मारला की ती दोन ठेवून द्यायची. गिऱ्हाईक चहा निवला तरी ऐकत उभं.

पण दोन वर्षं झाली, राजाबाई गप पडली. भर वैशाखात घोंगडं पांघरून गाड्यामागं बसायची. तोंड सुजल्यागत, बोलणं ओढून ओढून. फकिरा म्हणायचा, "आमची मालगाडी! सिग्नल मिळूनबी हालत नाय." लोक हसायचे. ती नुसती बघायची.

एक दिवस कपबशी हातात धरूनच ती बसल्या जागी झोपली. तवा फकिराचं हसू वाळलं. रक्त तपासलं, तर थायरॉईड.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याच धंद्यातलं सांगितलं. "फकिरा, अंगातल्या एकेका पेशीत बारीक बारीक स्टोव्ह असतात. अन्न म्हणजे रॉकेल. पण पंप मारायला गळ्यातल्या गाठीचा रस लागतो. तो पेशीच्या दारातून आत शिरला, की स्टोव्ह धरतो. हिचा रसच आटलाय. ही गोळी म्हणजे तो रस."

"म्हंजे ती आळशी नव्हती?"

"विझत चालली होती."

दुसऱ्या दिवसापासून गाड्यावरचा पहिला चहा राजाबाईचा. निम्मं दूध, वर साय, इलायची. गोळीबी तो सोताच्या हातानं द्यायचा. दोन महिने झाले, घोंगडं काही उतरंना.

"गोळी कशासोबत देतोस?" पुन्हा दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्या हातच्या चहासंगं. लई दूध घालून."

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे, दुधानं गोळी पोटातच अडकते. दारापर्यंत पोचतच नाही. उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत दे. मग तासभर काही नाही."

फकिरा बाहेर बाकड्यावर बसून राहिला. आधी हसून, मग लाड करून, दोन्ही बारीला घात त्यानंच केला होता.

मग रोज पाणी, गोळी, आणि तिला चहा नाही म्हणून तासभर गाड्याचा स्टोव्हबी बंद. तिच्याशेजारी तो मुकाट बसायचा. कडूबा हमाल म्हणाला, "काय रं, जीभ गहाण टाकली का?" फकिरा कपबश्याच पुसत राहिला.

सातव्या आठवड्यात एका सकाळी राजाबाईनं घोंगडं काढलं, घडी घातली अन् त्याच्या मांडीवर टाकलं.

"धरा. मालगाडी हालली. आता ह्या इंजनाला काय झालं?"

कडूबा खदखदून हसला. फकिराला समोरचं नीट दिसंना. कसंबसं म्हणाला, "एकच टोमणा? तू तर दोन द्यायचीस."

"दुसरा तुम्ही बोलल्यावर," राजाबाई म्हणाली, अन् स्टोव्हला पंप मारायला बसली.