वाढणारीचं पान

देवासच्या त्या वृद्धाश्रमात मराठी बोलणारी कृतिका एकटीच, म्हणून उमाबाई तिच्या वाट्याला आल्या. तिचं मराठी तरी काय, बागलीच्या घरात आईबरोबर बोलायची तेवढंच. आई गेली तसं तेही जिभेवरून उतरत चाललेलं. उमाबाई मात्र धारच्या जुन्या सरदारघराण्यातल्या, आणि वयापरत्वे त्यांची हिंदी पार पुसली गेली होती.

आठवडा झाला, बाईंनी अन्न टाकलं होतं. कृतिका ताट घेऊन शेजारी उभी राही आणि त्या एकच म्हणत, "आधी मंडळींचं होऊ द्या."

"सोमवार को डॉक्टर साब आएंगे," आश्रमाच्या मॅडमनी बजावलं. "नहीं खाया तो नाक से नली डलेगी."

आईच्या शेवटच्या दिवसांत ती नळी कृतिकानं पाहिली होती.

जुन्या घरची बाई नवऱ्याआधी कशी जेवेल, असं तिच्या डोक्यात आलं. शनिवारी तिनं उशाजवळचा बाईंच्या यजमानांचा, दत्ताजीरावांचा फोटो मेजावर मांडला, पुढे पान वाढलं, थोड्या वेळानं उचललं. "आजी, साहेब जेवले. आता तुम्ही खाऊन घ्या ना."

उमाबाईंनी खुळ्या पोरीकडे पाहावं तसं पाहिलं. "ते जाऊन किती वर्षं झाली! ते कुठले जेवतात?"

कृतिका ओशाळली. "मग कोणाची राह बघता, आजी?"

"वाढणारी उभी आहे ना अजून. घरातल्या वाढणाऱ्या बायका जेवल्यावाचून मी कधी पानावर बसले नाही. तुझं झालं का?"

कर्मचाऱ्यांनी म्हाताऱ्यांबरोबर जेवायचं नाही, असा आश्रमाचा नियम. नियम करणाऱ्यांच्या घरी पंगत कधी बसली नसावी. कृतिकाचा डबा रोज मोरीपाशी उभ्याउभ्याच संपे, आणि खोलीवर ती मोबाइल बघत काहीबाही पोटात ढकलत असे. तुझं झालं का, हे आई गेल्यापासून तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिला रडूच फुटलं.

तिनं दार लोटलं, डबा आणला आणि बाईंसमोर बसली. भेंडी आणि सकाळच्या पोळ्या. उमाबाईंचं नीट लक्ष होतं. डबा रिकामा झाला तेव्हा कुठे त्यांनी वरणभात कालवला आणि सावकाश सगळा संपवला.

रविवार सुट्टीचा. कृतिकानं खोलीत खिचडी टाकली, एकटीसाठी ताटली घेतली, आणि हात तिथेच थांबला. तिकडे आज दुसरीच कोणी ताट घेऊन उभी असेल. बाई तिला विचारतील आणि तिला ओ की ठो कळणार नाही. उद्या तर सोमवार.

तिनं खिचडी डब्यात भरली आणि जवळच्या देवीच्या टेकरीखालून रिक्षा केली.

"आज तो छुट्टी है तेरी," मॅडम म्हणाल्या. "घर पे कोई राह नहीं देखता क्या?"

"नहीं, मॅडम."

बाईंच्या खोलीत ताट तसंच होतं, वरणावर साय धरलेली. उमाबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

"किती उशीर केलास," त्या म्हणाल्या. "बस आधी."