येतो म्हटल्यावर

शेवटच्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावर त्याने सवयीने म्हटलं, "येतो." आणि आतून कोणीतरी म्हणालं, "या."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याचा पाय तसाच राहिला. खाली पहिला भोंगा कधीच होऊन गेला होता. रस्ते दोन्हीकडून अडवले होते, लांबच्या गच्च्यांवर माणसं मोबाईल उंचावून उभी होती, आणि तळमजल्याच्या खांबाखांबात भोकं पाडून सुरुंगाची दारू भरलेली होती. इमारतीत आता एकच जिवंत माणूस असायला हवा होता, आणि तो म्हणजे तो स्वतः.

जुन्या इमारती पाडणाऱ्या कंपनीत शेवटची फेरी त्याची असे. वरच्या मजल्यापासून खाली येत प्रत्येक खोलीत शिरायचं, "कोणी आहे का?" म्हणून हाक घालायची, कोपरा न् कोपरा बघायचा, आणि शेवटी वॉकीटॉकीवर एक शब्द बोलायचा: मोकळी. 'रिकामी' म्हणायला त्याला नको वाटे. त्याने मोकळी म्हटलं की दुसरा भोंगा, आणि त्यानंतर बार. बाकी सगळी गणितं इंजिनिअरबाईंची. पण त्याच्या त्या शब्दावाचून त्यांचाही हात बटणाकडे जात नसे.

फेरी मारताना प्रत्येक बिऱ्हाडातून निघताना तो "येतो" म्हणायचा. तासाभरात जिथे नुसती खडी उरणार, तिथे हा परत येण्याचं सांगून निघणार. त्यावरून कंपनीत त्याचं नाव 'पाहुणे' पडलं होतं. पाहुणे, आत चहापाणी झालं का, असं मुकादम दर वेळी विचारायचा आणि स्वतःच हसायचा. पण कुणाच्याही घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे आईने लहानपणी असं काही अंगात मुरवलं होतं, की घर ओसाड असलं तरी जिभेला ते कळत नसे.

आणि आजवर कुठल्याच ओसाड घराने त्याला उत्तर दिलं नव्हतं.

उत्तर देणारी त्याच्या स्वतःच्या घरी होती. तीस-पस्तीस वर्षं तो सकाळी दारातून "येतो" म्हणे आणि बायको स्वयंपाकघरातून, पाठमोरीच, "या" म्हणे. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. तो अजून म्हणतो. म्हणतो, कुलूप हातात धरून थोडा थांबतो, आणि मग लावतो. हे वेडेपण आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच आता त्याला आपल्या कानांवर भरवसा ठेवता येईना. कारण हे एकदा होऊन गेलं होतं. ती गेल्यावर दोनेक महिन्यांनी, एका बंद पडलेल्या वसतिगृहात, त्याला बांगड्या वाजल्यासारख्या वाटल्या आणि त्याने काम थांबवलं. सगळे धावत वर आले, तर वाऱ्याने खिडकीची साखळी हलत होती. तो दिवस वाया गेला. बाईंनी चारचौघांत शब्दही काढला नाही. नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर फेरीवर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. त्यांचंही चुकत नव्हतं. भ्रम होणाऱ्या कानांवर कोण कुणाचा जीव टांगेल?

"पाहुणे, झालं का?" वॉकीटॉकीत मुकादम खरखरला. "आभाळ भरून आलंय."

आभाळ ही थट्टा नव्हती. दारू भरलेली इमारत आणि वर वीज, यापेक्षा वाईट जोडी नाही. एक मिनिट, एवढंच बोलून तो परत आत शिरला.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कधीकाळी ट्राम कंपनीने आपल्या चालक-वाहकांसाठी ही इमारत बांधली, तेव्हा प्रत्येक दाराशी एक पितळी खुंटी ठोकली होती. वाहकाने घरी आल्यावर तिकिटांची कातडी पिशवी तिथे अडकवायची. ट्राम बंद झाली, मागोमाग कंपनी बुडाली, मग इमारत कोणाची यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली. दरम्यान पाणी तुटलं, वीज तुटली, धोकादायक म्हणून पाटी लागली आणि बिऱ्हाडं एकेक करून उठली. नंतर राज्य कबुतरांचं आणि भुरट्या चोरांचं. त्यांनी नळ नेले, चौकटी नेल्या, खुंट्या उपटून नेल्या.

या घरातली खुंटी मात्र जागेवर होती, आणि चकचकीत होती. मघाशी त्याने ती बघितली होती, पण नुसती बघितली होती.

त्याने हाक घातली. उत्तर नाही. न्हाणीघर बघितलं, गॅलरी बघितली. मग त्याला सुचलं ते त्याने केलं: पुन्हा उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "येतो."

काही नाही. वाऱ्याने कुठेतरी पत्रा वाजला.

म्हणजे भासच. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. मोकळी म्हणायचं आणि सुटायचं. नोकरी राहील, नाव राहील, मुकादमाच्या तोंडी लागायला नको. पण ते 'या' बायकोच्या आवाजातलं नव्हतं. तिचा आवाज चढा होता, हा घोगरा होता. भासच व्हायचा तर तिचाच झाला असता ना? तो मनाशी हुज्जत घालत राहिला.

"थांबवा," तो म्हणाला. "आत माणूस आहे."

बाई आणि मुकादम वर आले, तेव्हा पहिले थेंब पडत होते. बाईंचा चेहरा ताणलेला होता.

"पाहिलंत का?"

"नाही. ऐकलं."

"काय ऐकलं?"

त्याने मान खाली घातली. "मी येतो म्हणालो. आतून या म्हणालं कोणीतरी."

मुकादम हसायच्या बेतात होता, पण बाईंकडे बघून त्याने हसू गिळलं. बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. मग मुकाट्याने बॅटरी घेऊन त्या स्वतः आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

स्वयंपाकघरात त्या थबकल्या. ओट्याखाली कोळशाची कोठी होती, जशी प्रत्येक बिऱ्हाडात होती. "सगळ्या कोठ्यांची दारं चोरांनी नेलीत," त्या हळूच म्हणाल्या. "हिला दार कसं?"

त्याने मघाशी ते ओढून पाहिलं होतं. हललं नाही, तेव्हा ओलीने फुगलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. ते फुगलं नव्हतं. आतून कोणीतरी धरून ठेवलं होतं.

"मावशी," तो दाराशी वाकून म्हणाला, कारण तो घोगरा आवाज म्हाताऱ्या बाईचाच असणार याची त्याला आता खात्री होती, "गुडघे दुखत असतील. या बाहेर."

दार उघडलं. एक वाळकी म्हातारी हाता-पायांवर बाहेर आली. लुगड्याला जुन्या कोळशाची भुकटी लागली होती. मुकादमाने तिला उठवून उभं केलं. ती ट्रामच्या वाहकाची बायको. सात वर्षांमागे मुलाने तिला गावाबाहेरच्या आपल्या फ्लॅटमध्ये नेलं होतं, आणि तेव्हापासून बसने येऊन ती अधूनमधून खुंटी पुसून जात होती; घर वापरात दिसे, म्हणून चोरांनी त्याला हात लावला नव्हता. आज बहिणीकडे जाते सांगून निघाली आणि रस्ते अडवायच्या आधीच मागच्या जिन्याने वर आली.

"अहो, तुम्ही जीव गमावला असतात," बाई म्हणाल्या.

"मरायला नव्हते आले. घर पडायचं तर घरात आपलं माणूस असावं, एवढंच." मग ती त्याच्यावर चिडली. "तुम्ही हाका मारल्यात तेव्हा गप्प होते ना मी? येतो कशाला म्हणालात? दुसऱ्यांदा तर पदर तोंडात कोंबून बसले. कोणी येतो म्हटलं की गप्प बसता येतं का माणसाला?"

"नाही येत," तो म्हणाला.

बाईंनी तिचा दंड धरला. उंबऱ्यापाशी म्हातारी थांबली. खुंटीवर हात ठेवून उभी राहिली. 'जाते' तिच्याने म्हणवेना, आणि येणार तरी कुठे होती? पाऊस वाढला तरी बाईंनी तिला घाई केली नाही.

"येते," शेवटी ती घराकडे न बघता म्हणाली.

तो अजून ओट्यापाशीच होता. "या," तो म्हणाला.

वर्षभर तो एकच बाजू बोलत आला होता. दुसरी आज त्याच्या तोंडून निघाली. मुकादमाने या वेळी थट्टा केली नाही.

सर आली तशी गेली. वीज चमकली नाही. नियमाप्रमाणे फेरी पुन्हा पहिल्यापासून मारायची होती; बाईंनी विचारलं, दुसऱ्या कोणाला पाठवू का? तो नको म्हणाला. पुन्हा वरून खाली, खोली न् खोली, कोठी न् कोठी. शेवटी तो त्याच उंबऱ्यावर आला.

"येतो," तो म्हणाला, आणि थांबला. घरी कुलूप हातात धरून थांबतो, तितकाच.

मग त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"मोकळी."