आक्काच्या हाताची गिटार

फोन आला तेव्हा सम्राट शिरोलीच्या फाउंड्रीत दुपारचा डबा उघडून बसला होता.

"पावणं, मंगळवार पेठेतनं विश्वजित बोलतोय. गिटारी बनवतो मी. गिटारीचा नेक, म्हंजी तारांखालचा दांडा, घासून झालाय, रविवारी मापाला यायचंय. आक्कांचा फोन काय लागंना, त्येंनी अडीनडीला तुमचाबी नंबर दिऊन ठेवलता."

आक्का म्हणजे सम्राटची आई. राधानगरीकडच्या गावात चार म्हशी सांभाळायची. घरातले लहानथोर तिला आक्काच म्हणत, म्हणून तोही म्हणे. कॉलेजात असताना सम्राटला गिटारीचं वेड होतं. नोकरी लागली, लग्न झालं, गिटार गावाकडे खुंटीला राहिली. आणि आज आईने लेकासाठी हातानं घडवलेली गिटार करायला टाकली होती! डबा तसाच ठेवून त्याने शेजारच्या टेबलावर दोघातिघांना ही गोष्ट सांगितली.

रविवारी तो अकराच्या आधीच पोचला. कारखाना कसला, पत्र्याची लांबट खोली. सगळीकडे फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा. आत आक्का स्टुलावर बसली होती; तिचा फोन मागाहून लागला असणार. पायांत प्लास्टिकची चप्पल, पदर कमरेला खोचलेला, आणि मांडीवर गिटार.

"आलास व्हय?" ती म्हणाली. तिचा चेहरा पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"ह्येंनीच की. बघू, दे."

त्याने हात पुढे केला आणि गिटार घेऊन मांडीवर ठेवली. काहीतरी चुकत होतं. बॉडी लहान, नेक आखूड. साधी सीची कॉर्ड धरायला गेला तर बोटं एकमेकांवर चढली. नेकची एक बाजू तर उगाचच जास्त तासलेली.

"विश्वजितराव, माप चुकलंय तुमचं. माझ्या हातात बसंना ही."

विश्वजित एकदा त्याच्याकडे, एकदा आक्काकडे बघत राहिला. "तुमच्या हातात कशाला बसंल? आक्कांची गिटार हाय ती."

सम्राट हसला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कुणीच हसत नाही.

आक्काने गिटार त्याच्या हातातून काढून घेतली, खाली बघत वाजवू लागली. सूर सावकाश निघत होते, पण ठाम. एकही तार खरखरली नाही. ज्या बाईला त्याने रेडिओसुद्धा लावताना पाहिलं नव्हतं, ती बाई समोर वाजवत होती.

"कुठलं गाणं हे?"

"गाणं न्हाय. आपलं वाजतं तसं."

"कधी शिकलीस?"

"तू गेल्यावर. खुंटीला लोंबत हुती. मोबाईलवर बघत बघत."

"बाबांना ठाऊक हाय?"

"त्येंनीच काढून दिली. ऐकत्यात की बसून."

"आणि मला सांगावंसं वाटलं न्हाय?"

आक्काने तारांवर तळवा ठेवला. आवाज थांबला. "तुला सांगितलं असतं तर तू शिकवायला बसला असतास. मला शिकायचं नव्हतं रं तुज्याकडनं. माजं मला पायजे हुतं."

सम्राटला राग आला, आणि कुणावर ते कळेना. म्हणून तो विश्वजितवर घसरला, "आणि ही बाजू एवढी का तासलीया? वाकडी दिसतीया."

"त्येंचं मधलं बोट वाकत न्हाय की," विश्वजित म्हणाला. "कॉर्ड धरताना ते आडवं येतंय. म्हणून तिथं जागा सोडलीया."

"कुठलं बोट?"

विश्वजितला वाटलं, पावणा थट्टा करतोय. पण सम्राटचा चेहरा बघून त्याने आक्काकडे पाहिलं.

आक्काने डावा हात पुढे केला. मधलं बोट काठीसारखं ताठ. म्हशीने हिसका दिला तेव्हा दाव्यात अडकून मोडलेलं. सम्राट त्या साली दहावीला होता. हाताला बांधलेलं फडकं त्याला आठवलं. फडकं सुटल्यावर तो हात त्याने पुन्हा पाहिलाच नव्हता. त्याच हाताने तिने त्याला इतकी वर्षं ताट वाढलं होतं.

तो भुशातच मटकन बसला. विश्वजितने पाणी आणून दिलं. त्याने तांब्या हातात धरला, पण प्यायला नाही.

"असं काय करतूस?" आक्का घाबरून म्हणाली. "दुखत न्हाय आता."

मग ती विश्वजितकडे वळली. अंगठ्याखाली नेक अजून जाड लागतोय, जरा कमी करा म्हणाली. विश्वजितने पेन्सिलीने खूण केली. दोघंही कामाला लागली, आणि सम्राट खाली बसून ते बघत राहिला.

रंकाळा स्टँडवर तो तिला गावाकडच्या एसटीत बसवायला गेला. गाडी सुटताना तो चढून तिच्या शेजारी बसला.

"तू कुटं? उद्या कामावर न्हाय व्हय?"

"हाय. पण येतो."

आक्काने खिडकीकडे सरकून त्याला जागा केली. तिचा डावा हात मांडीवर होता. सम्राट सबंध वाट त्याच्याकडेच बघत होता.