चौथा खडा

पिरंगुटच्या थांब्यावरून बस लांब दिसली तशी उज्वला वाकली, रस्त्याकडेचा लिंबाएवढा खडा उचलून पदराला पुसला आणि लेकीच्या पिशवीत टाकला. करिष्माच्या कपाळावर आठ्या चढल्या. शुभकामाला तिघांनी निघू नये, निघावंच लागलं तर चौथा म्हणून खडा सोबत घ्यावा आणि काम झालं की वाटेत टाकून द्यावा, हे त्यांच्या घरात मेंढरांइतकंच जुनं होतं.

काम शुभच होतं. करिष्मा तिथल्याच कारखान्यात पॅकिंगला होती. तीन वर्षं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बोटं झिजवून तिनं चारशे पानांची अद्भुतरम्य कादंबरी लिहिली होती. दोन प्रकाशकांनी ती न वाचताच परत केली. तिसऱ्यानं मात्र करारावर सही करायला बावधनला बोलावलं. पोरीची सही कागदावर होणार म्हटल्यावर तिच्या बापानं, धुळाजीनं मेंढरं भावाच्या हवाली केली आणि धुतलेलं मुंडासं बांधलं. उज्वलाला कुणी चल म्हटलं नव्हतं, ती आपली आली.

संपादक निरंजन तिशीतला, बोलायला गोड. त्यानं चहा मागवला, करार पुढे ठेवला आणि मुद्द्यावर आला. कादंबरी त्याला मनापासून आवडली होती, यात खोटं काही नव्हतं. फक्त आकडा चुकला होता. असल्या कथांमध्ये आकड्याला वजन असतं, तो सांगू लागला. सात राज्यं, नऊ योद्धे, बारा सिंहासनं. सात म्हटलं की वाचकाला सप्तर्षी आठवतात, सात समुद्र आठवतात. आणि इथं राक्षसानं कोंडलेली नदी सोडवायला निघतात त्या तिघीच, त्यातून तीन हा आकडा आपल्याकडे अपशकुनी. त्यांच्या सात केल्या की एकेकीचं एक, अशी सात पुस्तकांची मालिका होईल.

"आणि तो दगड काढून टाकू," तो म्हणाला. "सात झाल्यावर त्याची गरजच उरत नाही."

उज्वलानं कप खाली ठेवला.

"कसला दगड?"

निरंजननं मग तिला सगळं रंगवून सांगितलं. त्या तिघी निघताना चौथा म्हणून खडा घेतात. पहाऱ्याच्या पाळ्या लावतात त्यात त्याचीही पाळी धरतात, भाकरीचे चार वाटे करतात. उगमाच्या दाराशी बसलेला राक्षस येईल त्याची मोजणी करतो, कारण तीनवर त्याची सत्ता चालते. तो मोजायला लागतो, चार भरतात आणि त्याचा मंत्र फसतो. उज्वला लेकीकडे बघत राहिली. करिष्मा टेबलाच्या कडेकडे बघत होती.

खरं सांगायचं तर करिष्मा घाबरली होती. हे पुस्तक इथून गेलं तर चौथा प्रकाशक तिला ठाऊक नव्हता. निरंजननं फोनवर साताचं सुचवलं होतं, आणि तिनं आठ दिवसांत सातजणी करून, खडा काढून, त्याचा गठ्ठा छापूनही आणला होता. तिला त्याची लाज वाटत होती, म्हणून घरी सांगितलं नव्हतं. आता तो काढायला तिनं पिशवीत हात घातला.

तेवढ्यात धुळाजीनं घसा खाकरला.

"साहेब, ह्या वाढवलेल्या चार बाया करणार काय?"

"म्हणजे?"

"कळपात चार मेंढरं वाढली तर चारा लागतोय. ह्या चौघी निसत्या मागनं चालणार, तर त्यांचं पोट कुनी भरायचं?"

निरंजन हसला. ही प्रतीकांची गोष्ट आहे, काका, असं त्यानं समजावलं. करिष्माच्या हाताला गठ्ठ्याच्या आधी खडा लागला होता. तिला राग आला. निरंजनचा थोडा, स्वतःचा जास्त.

"सर, तिघींनी जाऊ नये म्हणतात आणि त्या जातात, एवढंच माझं पुस्तक आहे," ती म्हणाली. "सातजणींना कोण अडवतंय?"

निरंजन म्हणाला की वरूनच तसं ठरलंय, साताशिवाय करार होणार नाही. आठवडाभर विचार करा.

"विचार करूनच लिहिलंय."

तिनं त्याचं पेन त्याच्या कागदावर ठेवलं आणि उठली.

थांब्यावर शेंगावाला रद्दीच्या पुड्या बांधत होता. करिष्मानं सातजणींचा गठ्ठा त्याला देऊन टाकला. त्यानं खूश होऊन त्यातल्याच एका पानात शेंगा बांधून दिल्या. धुळाजी हळू आवाजात म्हणाला, झालं काम, आता खडा टाक पोरी.

करिष्मानं खडा बाहेर काढला. उज्वलानं तो तिच्या हातातून घेतला, सकाळसारखाच पदराला पुसला आणि परत पिशवीत ठेवला.

"काम कुटं झालंय?"

बस आली. तिघं मागच्या लांब सीटवर बसली. उज्वलानं पुडी मांडीवर सोडली आणि शेंगांचे चार वाटे केले.