एक्केचाळीस नंबरचं हाड

आमच्या शरीररचना विभागात तोंडी परीक्षेची एक जुनी पद्धत आहे. हाडांच्या खोलीचे मामा जाड कापडाच्या पिशवीत एक हाड घालतात, विद्यार्थी आत हात घालतो आणि न बघता सांगतो, कुठलं हाड, कुठल्या बाजूचं. परीक्षकांपुढे रजिस्टर असतं. हाडावर शाईनं नंबर असतो, तो मामा चिठ्ठीवर लिहून देतात, आणि रजिस्टरमध्ये त्या नंबरासमोर उत्तर. हाड कोणी बघत नाही, रजिस्टर बघतात.

त्या दिवशी एक मुलगी तिसऱ्यांदा बसली होती. चौथी संधी नसते, नाव कमी होतं. लेखी परीक्षेत तिला बरे गुण होते. अडकलं होतं ते तोंडीत. बाहेरून आलेले परीक्षक गमत्या स्वभावाचे होते, निदान त्यांना तसं वाटायचं. शेजारी विभागातला परीक्षक म्हणून मी बसलो होतो.

"तिसऱ्यांदा आलीस होय? आता तो कोपऱ्यातला सापळाच तुला ओळखायला लागला असेल."

"हो सर. त्याची ओळख असून उपयोग नाही, तुमची हवी."

मामा तोंड फिरवून हसले. परीक्षकांनी पिशवी पुढे सरकवली. तिनं हात घातला, डोळे मिटले.

"फिब्युला. नडगीशेजारचं बारीक हाड."

"वजन पेलतं?"

"फारसं नाही. वजन नडगीचं हाड पेलतं. ह्याला स्नायू चिकटतात, आणि खालच्या टोकानं हे घोटा बाहेरून धरून ठेवतं."

"म्हणजे बिनकामाचंच म्हण की."

"घोटा निसटला की कळतं सर, कोण कामाचं ते."

"बरं. कुठल्या पायाचं?"

"डाव्या."

परीक्षकांनी रजिस्टरमध्ये पाहिलं. एक्केचाळीस, फिब्युला, उजवं. "नीट विचार करून सांग," ते म्हणाले.

हे वाक्य मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो आहे. ते ऐकलं की बहुतेक मुलं उत्तर बदलतात.

"डावंच आहे," ती म्हणाली. "चपटं, टोकदार टोक खाली धरलं. त्यावरचा गुळगुळीत त्रिकोण घोट्याच्या हाडाला टेकतो, म्हणजे ती आतली बाजू. त्रिकोणाच्या मागे खड्डा आहे. खड्डा माझ्याकडे केला की त्रिकोण उजवीकडे बघतो. शरीराचा मध्य उजवीकडे, म्हणजे पाय डावा."

"हट्ट चांगला आहे, उत्तर चुकलं," असं म्हणून परीक्षकांनी गुणपत्रिका ओढली. ह्या प्रश्नाचे गुण गेले तर ती पास होत नव्हती. मला बेरीज दिसत होती.

मी पिशवीतून हाड काढलं. ते टेबलावर टेकवून धरलं. खड्डा माझ्याकडे. त्रिकोण उजवीकडे. मी पुन्हा पाहिलं, मग उलटं धरलं नाही ना म्हणून तिसऱ्यांदा पाहिलं. रजिस्टरमधलं अक्षर माझंच होतं, एकतीस वर्षांपूर्वीचं, जरा जास्तच वळणदार.

तो दिवस मला आठवतो. नवीन नोकरी होती. एकाच माणसाचे दोन्ही फिब्युला मी टेबलावर मांडले होते, तो माणूस उताणा, पाय माझ्याकडे करून झोपला आहे अशा बेतानं. मांडणी बरोबर होती. मग टाक उचलला आणि माझ्या उजव्या हाताला जे होतं त्याच्यापुढे 'उजवं' लिहिलं. समोरच्याचा उजवा पाय आपल्या डावीकडे येतो, हे मी पहिल्या तासाला मुलांना सांगतो.

दुसऱ्या एखाद्या प्रश्नात दोन गुण वाढवून तिला पास करता आलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता. हा विचार आला नाही असं म्हणत नाही. आला, आणि बराच वेळ रेंगाळला.

"तिचं बरोबर आहे," मी म्हणालो. "रजिस्टर चुकलंय. मी चुकवलंय. जोडीचं बेचाळीसही उलटं असणार."

मामांनी न सांगता बेचाळीस आणलं. उलटंच होतं. परीक्षकांनी दोन्ही हाडं स्वतः फिरवून पाहिली.

"किती वर्षं?"

"एकतीस."

त्यांनी गुण भरले, बेरीज केली, पत्रिका माझ्याकडे सरकवली. ती पास झाली होती. मी सही केली.

"जा आता," परीक्षक म्हणाले. "घरी सांग."

ती उठली, पण गेली नाही. "सर, गेल्या वर्षीही मला हेच हाड आलं होतं. वरच्या टोकाला जरा तुटलेलं आहे, हाताला लागतं. तेव्हाही मी डावंच म्हणाले होते."

"आणि मी काय म्हणालो?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणालात, नीट विचार करून सांग. मी केला. डावंच म्हणाले."

जुन्या निकालांत कोण कुठल्या हाडावर अडलं हे लिहिलेलं नसतं. फक्त एकूण गुण असतात. ह्या दोन हाडांपायी अडलेले बाकीचे कोण होते, हे आता शोधायला जागा नव्हती. मी कोरा कागद घेतला, वर प्राचार्यांचं नाव घातलं, खाली चूक कोणाची आणि कशी ते लिहिलं.

"गेल्या वर्षीचा बैठक क्रमांक आठवतो का?"

"तो विसरते की काय सर!" तिनं एका दमात आकडे सांगितले. मी ते लिहून घेतले, खाली रेघ न मारता. आणखी कोणाचे आकडे आले तर असावं म्हणून बाकीचं पान मोकळं ठेवलं.